'तुरळक ठिकाणी' म्हणजे कुणाच्या वावरात?

बुलढाणा जिल्ह्याचा हवामान अंदाज एका ओळीत मावतो, जिल्हा मात्र त्या ओळीत मावत नाही. मे महिन्यात आभाळ बिनसलं की नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या पत्रकात बुलढाण्यासमोरचे रकाने भरायला लागतात : तुरळक ठिकाणी मेघगर्जना आणि विजा, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाचा वारा, हलका ते मध्यम पाऊस, रंग पिवळा. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदला हीच ओळ लागू, आणि मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर, वाशिम जिल्ह्याच्या हद्दीशी असलेल्या डोणगावलाही हीच. मधे 9,661 चौरस किलोमीटरचा मुलूख, तेरा तालुके, आणि अजिंठ्याच्या डोंगराची ती धार, जिच्यामुळे इथला माणूस आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग मानतो : घाटावरचा आणि घाटाखालचा.

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव. पूर्णेचं खोरं, काळी जमीन, ऊन थेट अकोल्याच्या तोडीचं. बुलढाणा शहर घाटमाथ्यावर, साडेसहाशे मीटरच्या आसपास. विदर्भाच्या तापमानाच्या यादीत अकोला 44 अंशांवर असतं तेव्हा बुलढाणा तीन-चार अंशांनी खाली दिसतं, आणि तोच आकडा टीव्हीवर जिल्ह्याचा म्हणून झळकतो. मलकापूरच्या माणसाने तो वाचून कपाळावरचा घाम पुसावा, दुसरं काय. डोणगाव घाटावरच, पण पैनगंगेच्या बाजूच्या पठारावर. बुलढाण्याइतकं थंड नाही, मलकापूरइतकं तापतही नाही. त्याच्यासाठी वेगळी ओळ पत्रकात नसते.

अशा आठवड्यात डोणगावच्या शेतकऱ्याला कोण काय सांगतं, त्यातलं किती खरं ठरू शकतं, आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातं, हे इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : गेल्या पंधरा वर्षांत चार-पाच दिवस आधीचा अंदाज बराच सुधारला. सुधारायचे राहिले ते शेवटचे तीन तास, आणि मे महिन्यातलं बहुतेक नुकसान त्या तीन तासांतच होतं.

मे महिन्यातली ही अस्थिरता येते कुठून? ऊन हे निम्मंच कारण. एरवी घाटावरची हवा या दिवसांत इतकी कोरडी असते की ढग धरायचा झाला तरी त्याचा तळ जमिनीपासून तीन-चार किलोमीटर वर राहतो, आणि दुपारी दिसलेले कापसासारखे पुंजके दिवेलागणीला विरून जातात. बिघाड होतो तो ओल आली की. विदर्भापासून किंवा मध्य प्रदेशापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे तमिळनाडू-केरळपर्यंत वाऱ्यांच्या विसंगतीचा एक पट्टा उन्हाळ्यात वारंवार तयार होतो. त्याच्या पूर्वेच्या बाजूने बंगालच्या उपसागरावरचं बाष्प आत येतं, पश्चिमेकडून अरबी समुद्रावरचं. वृत्तपत्रांत 'द्रोणीय रेषा' किंवा 'हवेच्या कमी दाबाचा पट्टा' म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो बहुधा हाच. त्यातच उत्तरेकडून एखादा पश्चिमी प्रक्षोभ दक्षिणेला झुकला, तर उंचावर थंड हवा येते. खाली तापलेली, दमट हवा आणि वर थंड हवा, असं झालं की एका दुपारीच बारा-चौदा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

हा पट्टा तीन-चार दिवस आधी ओळखता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' 26 मे 2025 रोजी कामाला लागली. तिच्यात देशावर सहा किलोमीटरची जाळी आहे; आधीच्या जागतिक प्रारूपात ती बारा किलोमीटरची होती. म्हणजे पूर्वी एकाच चौकोनात येणारी शिवारं आता निदान वेगळ्या चौकोनांत येतात. पण चौकोन वेगळा झाला म्हणून ढग त्याच चौकोनात उठेल असं नाही. वादळी ढगाची एक पेशी पाच-दहा किलोमीटर रुंद असते आणि तासा-दीड तासात जन्मून मरते. ती कुठे उठेल हे टेकडीचा उतार, तलावाचं पाणी, आदल्या दिवशी ज्या शिवारात पाऊस पडला तिथली ओल आणि शेजारच्या ढगाने सोडलेला गार वारा यांवर ठरतं. गुरुवारी आभाळ बिघडणार हे सोमवारी सांगता येतं. गुरुवारी डोणगावला पडेल की पलीकडच्या मालेगावला, हे गुरुवारी दुपारी दोनलाही कुणी सांगू शकत नाही.

म्हणूनच 'तुरळक ठिकाणी' हे शब्द नीट वाचायला हवेत. हवामान खात्यात त्यांना मोजमाप आहे. एखाद्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक', पन्नास टक्क्यांपर्यंत 'काही', पंचाहत्तरपर्यंत 'बऱ्याच', त्याच्या वर 'बहुतांश'. तेव्हा 'तुरळक ठिकाणी पाऊस' ही सूचना डोणगाव कोरडं राहिलं तर चुकली असं होत नाही. उलट चारांपैकी तीन ठिकाणी पाऊस न होणं हे त्या अंदाजातच धरलेलं असतं. इशाऱ्याच्या रंगाचंही तसंच. पिवळा म्हणजे थोडा पाऊस आणि नारंगी म्हणजे जास्त, असं पारावर सर्रास समजलं जातं. खात्याच्या हिशेबात रंग ठरतो तो दोन गोष्टींवर : घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडली तर फटका केवढा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मे महिन्यातल्या पिवळ्या दिवशीही वीज पडून माणूस दगावतो, कारण दहा मिलिमीटर पाऊस देणाऱ्या ढगातही ती असतेच.

आता ते तीन तास. ढग उभा राहिल्यावर त्याला पाहायचं साधन म्हणजे डॉप्लर रडार. विदर्भासाठी ते नागपूरला आहे. नागपूर ते डोणगाव सरळ रेषेतलं अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात. रडारचा झोत टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो आणि पृथ्वी मात्र खाली वळत जाते. त्यामुळे सगळ्यात खालचा झोतसुद्धा डोणगावावर पोचेपर्यंत जमिनीपासून सहा-साडेसहा किलोमीटर वर गेलेला असतो. मे महिन्यात हवेतली गोठणरेषा पाच किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे डोणगाववरच्या ढगाचं डोकं आणि छाती नागपूरला दिसते. पोटात काय चाललंय, गारा वितळतायत की तशाच खाली येतायत, ढगाखाली वारा किती जोराने सुटला आहे, हे दिसत नाही. उपग्रह वरून ढगाच्या माथ्याचं तापमान सांगतो, वीज टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं विजा मोजतं. खात्याची माणसं या सगळ्याची सांगड घालून तीन तासांची सूचना काढतात, आणि ती काढतात हेच विशेष. पण घाटावरचे मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके रडारच्या नजरेच्या पार कडेला आहेत, हे कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नसतं.

वारा हा इथला खरा शत्रू, हे डोणगावच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. 'आधी वावधन, मग पाणी' हा क्रम त्यांना पाठ आहे, आणि त्यामागचं कारण अगदी साधं आहे. ढगाचा तळ उंच असतो आणि खालची हवा कोरडी. ढगातून सुटलेले थेंब वाटेतच वाळू लागतात, आणि वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतात. ती हवा गार, म्हणून जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते तेव्हा पाऊस अजून यायचा असतो, आणि टिनपत्रे मात्र उडालेले असतात. थेंब जितके जास्त वाटेत वाळतील तितका वारा जोरात आणि पाऊस थोडा. म्हणून मे महिन्यातलं पर्जन्यमापक चार मिलिमीटर दाखवतं आणि त्याच वस्तीत दहा घरांवरचं छत गेलेलं असतं.

अकोला जिल्ह्यातल्या पारसला 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी हेच घडलं. बाबूजी महाराज संस्थानात आरतीला लोक जमले होते. वादळ सुटलं, पाऊस आला, माणसं टिनाच्या शेडखाली गेली आणि शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड शेडवर कोसळलं. सात जण गेले. त्या आठवड्यात विदर्भात वादळी पावसाचा इशारा होता. इशारा होता आणि माणसं पावसापासून बचावायला टिनाखाली गेली, या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. इशारा ऐकून काय करायचं नाही, ते सांगायला तिथे कुणी नव्हतं.

गारांची गोष्ट थोडी वेगळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणरेषा खाली असते, म्हणून गार वितळायच्या आत जमिनीवर पोचते. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट चालली, ती याच मोसमातली. 11 फेब्रुवारी 2018 ला बुलढाणा, जालना, बीड या पट्ट्यात गारांनी हरभरा आणि गहू झोपवला. 2023 च्या नोव्हेंबरअखेरीच्या गारपिटीने घाटावरच्या बीजोत्पादनाच्या शेडनेटची चाळण केली, आणि 2024 च्या फेब्रुवारीअखेरीस पुन्हा तेच. मे महिन्यात लहान गारा वाटेतच पाणी होतात. पोचतात त्या मोठ्याच, आणि पोचतात क्वचित. मोठी गार हातात घेऊन कोयत्याने मधोमध फोडली तर कांद्यासारखे एकाआड एक पांढुरके आणि पारदर्शक पापुद्रे दिसतात. पाणी झटकन गोठलं तिथे हवा अडकून पांढरा थर, हळू गोठलं तिथे काचेसारखा. ती गार ढगातल्या उभ्या वाऱ्यावर किती वेगवेगळ्या थरांतून तरंगली, त्याची ती नोंद. गारपिटीची एवढी चांगली नोंद ठेवणारं यंत्र डोणगावात दुसरं नाही, हे मी गमतीने म्हणत नाही.

कारण यंत्रं आहेत, पण ती गार मोजत नाहीत. 2017 पासून राज्यात 'महावेध' प्रकल्पाखाली स्कायमेट कंपनीच्या साहाय्याने महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा एवढं ती टिपतात. देशातल्या फार थोड्या राज्यांकडे इतकं दाट जाळं आहे, आणि त्याबद्दल महाराष्ट्राला श्रेय द्यायलाच हवं. पण डोणगावसारख्या मंडळात अनेक गावं येतात आणि त्या सगळ्यांचा पाऊस एका मापकावर मोजला जातो. अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक, ही रेषा मंडळाच्या आकड्यावर ओढली जाते. पावसाळ्यातल्या सार्वत्रिक पावसात हे बरंचसं चालून जातं. मे महिन्यात पाच किलोमीटर रुंदीचा ढग मापकाला वळसा घालून गेला, तर कागदावर त्या दिवशी काही घडलेलंच नसतं. ग्रामपंचायतीगणिक केंद्र हवं ही मागणी म्हणूनच जुनी आहे.

मधल्या काळात हवामान खातं आणि शेतकरी यांच्यात एक पूल होता. ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली होती, देशभरात 199. बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही ते होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून सल्ला निघायचा : अंदाज असा आहे, म्हणून उन्हाळी भुईमुगाला पाणी पुढे ढकला, काढलेली हळद झाका, फवारणी बुधवारच्या आत उरका. हवामान खात्याची भाषा आणि वावरातली भाषा यांच्यामधला हा एकमेव पगारी दुभाष्या. मार्च 2024 अखेर ही केंद्रं गुंडाळली गेली. अंदाज आता आपोआप तयार होतो, मग माणूस कशाला, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून सल्ला अजून निघतो. पण अकोला खाली आणि डोणगाव वर, शिवाय अनेक जिल्ह्यांचं ओझं त्याच्याच डोक्यावर. मला हा निर्णय अडाणीपणाचा वाटतो. सहा किलोमीटरची जाळी बसवण्यावर खर्च करायचा आणि ती जाळी डोणगावच्या कांद्याला समजावून सांगणाऱ्या माणसाला घरी पाठवायचं, यात बचत कुठे झाली ते दिसत नाही.

त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला ग्रामपंचायत पातळीवरच्या अंदाजाचं उद्घाटन झालं, आणि हवामान खात्याचं 'मौसमग्राम'ही आलं. त्यात गावाचं नाव टाकलं की तासातासाचा अंदाज दिसतो. दिसायला फार देखणं. अडचण एवढीच की डोणगावचं नाव टाकून दिसणारा आकडा हा डोणगावावरच्या जाळीच्या चौकोनाचा असतो, आणि दुपारी चार वाजता 2.3 मिलिमीटर असं लिहिलेलं वाचून माणसाला वाटतं की कुणीतरी डोणगावच्या आभाळाकडे पाहून हे लिहिलं. दशांशाने विश्वास वाढतो, नेमकेपणा वाढत नाही. मे महिन्यात असले आकडे वाचताना पावसाची वेळ सोडून द्यावी, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत दुपारनंतर ढगांची शक्यता वाढते आहे की ओसरते आहे एवढंच पाहावं. तेवढं ते चांगलं सांगतं.

दुभाष्या गेल्याने पडलेली पोकळी रिकामी राहत नाही. ती भरणारे जिल्ह्यातच आहेत, आणि फार जुने. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडला जातो. वाघ घराण्याची ही परंपरा. चंद्रभान महाराजांपासून सुरू झालेली आणि साडेतीनशे वर्षांची सांगितली जाणारी. घटात गोलाकार अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजी, वडा, करंजी. पानसुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती ओलं झालं, कोणतं धान्य जागचं हललं, हे पाहून वर्षाचं भाकीत सांगितलं जातं. शेकडो शेतकरी उजाडण्याआधी तिथे उभे असतात, घाटावरूनही जातात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भाकितांना वारंवार आव्हान दिलं आहे आणि ते रास्तच आहे : घागरीचं पाणी झिरपून ढेकूळ ओलं होतं ते मातीच्या कणांमुळे आणि घागरीच्या छिद्रांमुळे, सप्टेंबरच्या पावसामुळे नव्हे.

तरीही भेंडवळची भाषा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महिन्यात कमी, दुसऱ्यात साधारण, तिसऱ्यात जास्त, चौथ्यात लहरी. अमुक पीक मोघम, तमुक पिकाला भाव. महिना आणि पीक, शेतकऱ्याचे दोन प्रश्न, दोन्हींची उत्तरं तिथे मिळतात. हवामान खात्याचा दीर्घकालीन अंदाज मात्र 'सरासरीच्या इतके टक्के' असा येतो, आणि सरासरी कुणाच्याच वावरात पडत नाही. 'सहदेव भाडळी'ची पोथी ज्यांच्या घरात कोनाड्यात असायची, त्यांची नातवंडं आता मोबाइलवर परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या पंजाब डखांचा अंदाज ऐकतात. डखांचा प्रभाव का, हे कळायला त्यांचा एक व्हिडिओ पुरतो. तारीख सांगतात, जिल्ह्यांची नावं घेतात, काय झाका नि काय सोंगा ते सांगतात, आणि मराठवाडा-विदर्भाच्या बोलीत सांगतात. शक्यता, टक्केवारी, 'तुरळक' हे सगळं त्यात बाजूला पडतं. शास्त्राच्या दृष्टीने तोच त्यातला दोष, आणि ऐकणाऱ्याला तोच गुण वाटतो. इतक्या जिल्ह्यांची नावं घेतली आणि तीन दिवसांची मुदत दिली, तर मे महिन्याच्या बिघडलेल्या आठवड्यात कुठे ना कुठे पाऊस पडतोच. ज्याच्या गावात पडला तो सांगत सुटतो, ज्याच्या गावात नाही पडला तो विसरतो. रामचंद्र साबळे, माणिकराव खुळे यांच्यासारखे मुरलेले हवामानतज्ज्ञही मराठीत अंदाज समजावून सांगतात आणि 'शक्यता' हा शब्द सोडत नाहीत. त्यांचं ऐकायला थोडा जास्त धीर लागतो.

डोणगावच्या शिवारात अशा आठवड्यात उघड्यावर काय असतं, यावर बरंच ठरतं. उन्हाळी भुईमूग उपटून शेंगा खाली, वेल वर असे ढीग लागलेले. उन्हाळी मूग, तीळ. कांदा काढून पातीखाली झाकलेला, चाळीत जायची वाट पाहणारा. कुणाची हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली. गुरांचं कुटार आणि कडबा गंजीत. भुईमुगाला जमिनीत असताना एक सर फायद्याची, उपटल्यावर तीच सर बुरशी आणणारी. कांद्याचं त्याहून वाईट : भिजलेला कांदा चाळीत टाकला की आठ-पंधरा दिवसांत आतून सडतो, वर काही दिसत नाही. 2025 च्या मे महिन्यात राज्यभर हेच झालं. महिनाभर पाऊस हटलाच नाही, मोसमी वारे 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत आले, आणि काढणीला आलेला उन्हाळी कांदा वावरातच भिजला.

या पिकांसाठी सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे ताडपत्री, आणि ती टाकायला लागतो अर्धा तास व दोन माणसं. त्यामुळे शेतकऱ्याला 'गुरुवारी पाऊस' एवढं पुरत नाही. पाच दिवसांच्या अंदाजावर काढणी करायची की थांबायचं ते ठरतं, आदल्या संध्याकाळच्या इशाऱ्यावर ताडपत्री आणि दोर वावरात नेऊन ठेवायचं ठरतं, आणि तीन तासांच्या सूचनेवर माणूस वावरात पोचतो की नाही ते ठरतं. पहिल्या दोन पायऱ्या डोणगावात आज चालतात. तिसरीवर सूचना येते, पण अख्ख्या जिल्ह्याची येते. दुपारभर त्या इतक्या येतात की चौथ्या वेळी मोबाइल खिशातून कुणी काढत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र परिस्थिती बरी आहे. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का, ते दाखवतं. इथे रडारच्या अंतराचा प्रश्न येत नाही, कारण विजेचे रेडिओ तरंग टिपणारे संवेदक राज्यभर पसरलेले आहेत. मेहकर तालुक्यात मे-जूनमध्ये एकच ॲप ठेवायचं असेल तर हे ठेवावं. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी हिशेब सोपा : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वावर सोडा. वाड्यावस्तीवर अजूनही माणसं बाभळीखाली, लिंबाखाली उभी राहतात आणि ढोरं झाडाला बांधतात. वीज पडून माणूस गेला तर वारसांना चार लाखांची मदत मिळते, बैलाचेही पैसे मिळतात. तहसीलच्या फायलीत झाडाखाली मेलेल्या बैलजोड्यांचे पंचनामे दर उन्हाळ्यात असतात.

भरपाईचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण हवामानाशी त्याचा एक धागा जोडलेला आहे. मदतीसाठी 33 टक्क्यांहून जास्त नुकसान लागतं आणि त्याला पंचनामा लागतो. पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर 72 तासांच्या आत द्यायची तरतूद होती, काढून पसरलेल्या पिकाला चौदा दिवसांचं संरक्षण होतं. महाराष्ट्राने 2025 च्या खरिपापासून योजना बदलली आणि भरपाई पीककापणी प्रयोगांच्या उत्पन्नाला जोडली. म्हणजे ढग एका गावावर कोसळला आणि मंडळातली बाकी गावं सुटली, तर मंडळाची सरासरी चांगली आणि त्या गावाची झोळी रिकामी. अंदाजातलं 'तुरळक' इथे हिशेबात येतं, पण शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूने.

असा आठवडा संपतो तेव्हा हवा अचानक धुतल्यासारखी होते, रात्री गार वारा सुटतो, आणि जमीन ओली दिसली की पेरणीचे वेध लागतात. रोहिण्या 25 मेच्या सुमारास लागतात, मृग 7-8 जूनला. वळवाच्या ओलीला मोसमी पाऊस समजून सोयाबीन टाकलं तर काय होतं, ते 2025 ने दाखवलं. मुंबईपर्यंत विक्रमी लवकर आलेले मोसमी वारे मेअखेरीस जागच्या जागी थबकले आणि जूनच्या मध्यापर्यंत हलले नाहीत. नागपूरला मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 16 जून आहे. केरळात तो आठ दिवस आधी आला म्हणून घाटावर आठ दिवस आधी येतो असा नियम नाही. कृषी विभाग दरवर्षी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून सांगतो. हा आकडा मंडळाच्या मापकावरचा न धरता आपल्या वावरातला धरावा. पत्र्याचा सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजलं तरी चालतं, आणि त्याची वहीत नोंद ठेवली तर पंचनाम्याच्या वेळी दाखवायला निदान काहीतरी हातात राहतं. डोणगाव मंडळातल्या प्रत्येक गावात असे दोन डबे आणि एक वही ठेवायला ग्रामपंचायतीला एका बैठकीचा ठराव पुरेल.